प्रकृती स्थिर

१९ ऑगस्ट, मंगळवार

सत्तावीस मुली. उलट्या, तोंडाला फेस, अंग थरथरतंय — आणि मी गाडीत बसून लिहितेय, ‘सर्व विद्यार्थिनींची प्रकृती स्थिर आहे.’

एकीलाही पाहिलं नव्हतं तेव्हा मी! दुपारी साडेबाराला वाघधऱ्याच्या आश्रमशाळेतून हेडसरांचा फोन आला, जेवणातून पोरींना काहीतरी झालंय. दोन मिनिटांत घनश्यामरावांचा. संस्थेचे अध्यक्ष. पोरी कशा आहेत ते त्यांनाही ठाऊक नव्हतं, आणि विचारायचंही नव्हतं. बातमी निघायच्या आधी आपली नोट निघाली पाहिजे, एवढंच सांगितलं. पांढरकवडा मागे पडून झरीचा रस्ता लागेपर्यंत नोट तयार. पत्रकारांच्या ग्रुपवर टाकली. धडाधड अंगठे आले, दोघांनी तर हात जोडले.

अकरा वर्षं मी पेपरात होते. अशा नोटा आल्या की आम्ही टेबलावर वाचून दाखवायचो आणि हसायचो. आता मी लिहिते. जनसंपर्क अधिकारी. दारावर पाटी आहे माझ्या नावाची.

शाळेत पोचले तेव्हा ॲम्ब्युलन्स निघून गेल्या होत्या. अंगणात वरण सांडलेलं, त्यावर माशा. स्वयंपाकघराच्या दारातच मोठं पातेलं पालथं पडलेलं. आत तांदळाची पोती, तेलाचे दोन पिंप, मिठाची बरणी, मसाल्याचा डबा. सवयीने सगळ्याचे फोटो काढले.

मग चवीची नोंदवही मागितली. नियम असा की वाढण्याआधी अर्धा तास स्वयंपाकिणीने आणि एका शिक्षकाने चाखायचं, आणि वहीत सही करायची. वही उघडली. हेडसरांच्या सह्या शनिवारपर्यंतच्या! येत्या शनिवारच्या खिचडीची चव सरांनी सोमवारीच घेऊन ठेवलेली — ‘उत्तम’. शेजारच्या रकान्यात स्वयंपाकिणीचे अंगठे. ते मात्र आजपर्यंतचेच. एकही पुढचा नाही.

सुखीबाई तिचं नाव. तीही दवाखान्यात आहे. म्हणजे अठ्ठावीस जणी. माझ्या नोटमध्ये ती नाही.

२० ऑगस्ट, बुधवार

सकाळपासून दवाखान्यात. डॉक्टर स्पष्ट बोलले. नासलेलं अन्न नाही, फवारणीचं औषध पोटात गेलंय. पोरींची बुबुळं टाचणीच्या टोकाएवढी झाली होती म्हणे. तिघींना काल संध्याकाळीच यवतमाळला हलवलं. त्यात पायलची अवस्था सगळ्यांत वाईट, तिला मशीनवर ठेवलंय. पाचवीतली. सुखीबाईची नात.

वॉर्डात माझी सगळी जुनी बिरादरी जमलेली. कॅमेरे, माइक, बूट घालून खाटांवर वाकलेली माणसं. रजतला मी पेपरात असताना बातमी लिहायला शिकवलं होतं — पहिल्या वाक्यात माणूस आला पाहिजे, असं. आता त्याचं स्वतःचं न्यूज पोर्टल आहे. तो एका सात वर्षांच्या पोरीला म्हणाला, “बेटा, अजून एकदा सांग. अन् जरा इकडं पाह्यून सांग, सलाईन दिसली पायजे.” पोरीने सांगितलं. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. चौथ्यांदा तिला उलटी झाली तर तो खूश झाला!

शिसारी आली. पण मी काय केलं? त्यांना बाहेर काढलं नाही. व्हरांड्यात चहा-पोहे मागवले. पोहे खाता खाता एकाने हळूच विचारलं, ताई, तीस तारखेची पुरवणी यंदा आहे ना? तीस ऑगस्ट म्हणजे घनश्यामरावांचा वाढदिवस. दर वर्षी प्रत्येक पेपरला, प्रत्येक पोर्टलला शुभेच्छांच्या जाहिराती जातात, माझ्याच टेबलावरून. पूर्वी जात नसत. जाहिरात वेळच्या वेळी गेली की बातमी आपसूक मऊ येते, हे साहेबांना मी शिकवलं. शाबासकीही घेतली होती तेव्हा.

सुखीबाई कोपऱ्यातल्या खाटेवर होती. तिच्याकडे एकही माइक नव्हता. कोलाम आदिवासी, म्हातारी बाई, अंगात ताकद नाही, पण शब्द धड होते. मी विचारलं नव्हतं, तीच बोलली.

“बाई, म्या चाखलं. जिभेले चरचरलं. सराले जाऊन सांगतलं, वरनाले फवाऱ्यावानी वास येऊन राह्यला. ते म्हने फोडनीचा असन, वाढ, उशीर होऊन राह्यला. लहान्या पोट्ट्यायची पंगत बसली. मंग मले गरगरलं. म्या पातेलंच पालथं केलं. मोठ्या पोरीइले वाढूच देल्लं नाही.”

शाळेत एकशे सत्तर मुली आहेत. सत्तावीस दवाखान्यात. बाकीच्या तिने वाचवल्या. आजच्या नोटमध्ये मी काय लिहिलं? ‘प्रशासनाच्या तत्परतेमुळे मोठा अनर्थ टळला.’

२१ ऑगस्ट, गुरुवार

आज सगळ्या पत्रकारांना शाळा दाखवली. साहेबांचा हुकूम. पारदर्शक कारभार म्हणे!

हेडसर पुढे, मी मागे. स्वयंपाकघरात गेलो. फळीवर, मसाल्याच्या डब्याशेजारी, कपाशीवर फवारायच्या औषधाचा रिकामा प्लॅस्टिकचा डबा. त्यात तळाला थोडं तेल. हेडसरांनी हात पुढे करून दाखवला आणि म्हणाले, ही बाई घरून असले डबे आणते, कितीदा बजावलं. कॅमेरे सरसावले.

मंगळवारी तिथे तो डबा नव्हता. मी स्वतः पाहिलंय. फोनमध्ये फोटो आहेत. फळी, बरणी, मसाल्याचा डबा, आणि पुढे मोकळी जागा. हेडसरांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली.

मी तोंड उघडायचं होतं. उघडलंही! मी म्हणाले, “खिडकीकडून घ्या, उजेड चांगला येतो.”

हेच वाक्य दिवसभर डोक्यात. उजेड चांगला येतो.

दुपारी तिसरी नोट. ‘स्वयंपाकी महिलेने कीटकनाशकाच्या डब्यात तेल साठवल्याचा, तसेच घटनेनंतर उरलेले वरण ओतून पुरावा नष्ट केल्याचा संशय.’ संशय हा शब्द माझा. साहेबांना नको होता तो. मी समजावलं की संशय लिहिलं की आपण मोकळे, पुढचं पेपरवाले लिहितात. ओतून दिल्याची गोष्ट मला तिनेच सांगितली होती. खाटेवर पडल्या पडल्या, माझा हात धरून.

चार वाजता सुखीबाईला दवाखान्यातूनच ताब्यात घेतलं.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

पोळा. गल्लीतून झुली घातलेले बैल गेले. पेपरात पहिल्या पानावर — ‘स्वयंपाकिणीचा विषप्रयोग?’ प्रश्नचिन्ह टाकलंय. प्रश्नचिन्ह टाकायलाही मीच शिकवलं असेल कोणाला तरी.

पुरणपोळीचं ताट तसंच झाकून ठेवलं.

२३ ऑगस्ट, शनिवार

नवी चवीची नोंदवही तयार झाली. जुनी दिसावी म्हणून कव्हरवर चहाचा डाग पाडलाय, कोपरे दुमडलेत. हेडसरांच्या सह्या आता मंगळवारपर्यंतच. आणि सुखीबाईचा रकाना शेवटच्या दिवशी कोरा. म्हणजे त्या दिवशी तिने चाखलंच नाही!

चाखलं म्हणून आजारी पडलेली बाई. तिच्या न चाखण्याचा पुरावा.

त्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकायला सांगितलं. टाकला. जुनी वही कुठे गेली ते विचारलं नाही. शाळेमागे चूल आहे, धूर दिसला, तेवढं पुरे.

सकाळी वंदनेला बसले होते. पंचशील म्हणताना चौथ्या शीलाशी — खोटं बोलण्यापासून दूर राहीन — मी थांबले. शेजारी बसलेल्या नवऱ्याने, संघदीपने, तेवढं एकट्याने म्हटलं.  

२५ ऑगस्ट, सोमवार

काल दिवसभर डोक्यात एकच. डबा नव्हता, तर औषध आलं कुठून?

आज पालकांची निवेदनं घ्यायला म्हणून शाळेत गेले आणि मागच्या बाजूला फिरले. शाळेच्या कुंपणाला लागून घनश्यामरावांची कपाशी. धुऱ्यावर, बांधाच्या कडेला, निळा ड्रम, शेजारी फवारणीचा पंप. सालगडी उकंडा तिथेच बसला होता. मला पाहून उठला. मी फक्त विचारलं, मंगळवारी इथे फवारणी होती का? माणूस रडायलाच लागला. पन्नाशीचा माणूस, टॉवेल तोंडात कोंबून.

त्याने सांगितलं ते असं. शाळेच्या बोअरवेलचं पाणी मोटारीने वर टाकीत जातं. घनश्यामरावांनी त्याच पाइपाला दोन वर्षांपूर्वी जोड मारून, जमिनीखालून एक नळी कुंपणापलीकडे आपल्या शेतात काढली. बोअर सरकारी पैशाची, मुलींसाठीची. पाणी यांच्या कपाशीला! मंगळवारी उकंडाने ड्रममध्ये औषध ओतून नळी सोडली होती. नळीचं तोंड औषधाच्या पाण्यात बुडालेलं. तेवढ्यात लाइन गेली. मोटार बंद. पाइपातलं पाणी खाली बोअरमध्ये उतरू लागलं आणि उतरताना त्याने ड्रममधलं औषध मागे ओढून घेतलं. अर्ध्या तासाने लाइन आली, मोटारीने ते सगळं वर शाळेच्या टाकीत चढवलं. मग सुखीबाईने नळ सोडून वरण शिजवलं.

“लाइन गेली का पाइप उलटा वढते मॅडम, हे आमाले ठाऊक हाये. म्या दोनदा म्हनलं साहेबाले, मधात कॉक बसवा. ते म्हने बसवू दिवाळीनंतर. त्या दिवशी ड्रम अर्धा खाली दिसला तं मले समजलं. संध्याकाळीच वाड्यावर जाऊन सांगतलं.”

संध्याकाळीच. मंगळवारी संध्याकाळी! म्हणजे डबा ठेवला तेव्हा साहेबांना सगळं माहीत होतं. डॉक्टरांना कोणतं औषध ते सांगितलं असतं तर उपचाराला मदत झाली असती, हे मला कळतं, तर त्यांना कळत नव्हतं?

घरी येऊन दोनदा तोंड धुतलं. घाण वाटत होती अंगाची. शेतात जाऊन आले म्हणून नाही.

२६ ऑगस्ट, मंगळवार

साहेबांना भेटले. वाटलं होतं, चिडतील. उलट खुर्ची दिली, पाणी मागवलं. मी सांगितलं, मला पाइपाचं कळलंय. आपण स्वतःहून सांगू, चूक अनवधानाने झाली म्हणू, लोक माफ करतात, मी नीट लिहून देते. म्हणजे तिथेही मी त्यांना वाचवायचीच नोट लिहीत होते!

ते शांतपणे म्हणाले, “तुमाले कोन वाचवाचं हाये मॅडम, सुखी का उकंडा? एक नाव सांगा. मी आयकतो तुमचं.”

पाइप कोणी काढला ते दोन नावांत नाहीच. तिसरं नाव त्या खोलीत कोणी उच्चारलंच नाही. मीही नाही.

निघताना विचारलं त्यांनी, “संघदीप सरायचं कायम व्हाचं प्रकरण यंदा हाये ना?” संघदीप त्यांच्याच ज्युनिअर कॉलेजात नऊ वर्षं मराठी शिकवतो. फाइल त्यांच्या सहीसाठी आहे. एवढंच बोलले. धमकी नाही, काही नाही. नमस्कार केला.

बाहेर क्लार्कने ऑफिसचा फोन मागून घेतला. नवा देणार आहेत म्हणे, चांगल्या कॅमेऱ्याचा. मंगळवारचे सगळे फोटो त्यातच होते. मी मुकाट्याने काढून दिला. कव्हरसकट.

२७ ऑगस्ट, बुधवार

सुखीबाईला न्यायालयीन कोठडी. जामिनाला उभं राहायला कोणी नाही. मुलगा आणि सून ऊसतोडीला गेले ते तिकडेच राहिले, कुठे आहेत कोणाला माहीत नाही. नातीचं सगळं तीच करायची, म्हणून तर शाळेत स्वयंपाकाला लागली होती.

पेपरात चार ओळी. पान पाच.

२८ ऑगस्ट, गुरुवार

रजतला बोलावलं. बसस्टँडमागच्या हॉटेलात. सगळं सांगितलं. पाइप, ड्रम, डबा, वही. मनाशी ठरवलं होतं, माझं नाव टाक म्हणायचं. म्हटलंही.

त्याने लिहून घेतलं नाही. पेन काढलाच नाही खिशातून. चहा पीत राहिला. मग म्हणाला की ताई, स्टोरी जबरदस्त आहे, पण फोटो नाहीत, वही नाही, उकंडा कॅमेऱ्यावर येणार नाही. आणि मग खाली पाहून, “अन् तुमालेच ठाऊक हाये ना ताई. वाढदिवसाच्या चार जाहिराती आल्या हायेत माह्याकडं. तुमच्याच सहीनं.”

खरंच माझ्या सहीने. बावीस तारखेला केली होती, पोळ्याच्या दिवशी, न वाचता.

मला राग त्याचा यायला हवा होता. आला नाही. आमच्या बिरादरीतला तो एकटाच खरं बोलला इतक्या दिवसांत. बाकीच्यांनाही विचारून पाहिलं, दोघांना फोनवर. एक म्हणाला तीस तारखेनंतर बघू. दुसऱ्याने साहेबांना कळवलं असावं, कारण संध्याकाळी क्लार्कचा फोन — मॅडम, तब्येत बरी आहे ना, सुट्टी पाहिजे का?

आपणच खणलेली विहीर आहे ही, आणि मी काठावर उभी राहून पाणी खारं का म्हणून विचारतेय.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

राजीनामा लिहिला. फाडला. नोकरीचं सोडा, मी गेल्याने सुखीबाई सुटत नाही. हे खरं कारण की सोयीचं, ते मला आता ओळखता येत नाही.

३० ऑगस्ट, शनिवार

किळस! दुसरा शब्द नाही.

वाढदिवस. घरी आलेल्या प्रत्येक पेपरात साहेब. हात जोडलेले साहेब, रोप लावणारे साहेब, ‘आदिवासी लेकरांचे मायबाप’. हा मथळा माझाच, तीन वर्षांपूर्वीचा. दर वर्षी तोच वापरतात, छापून छापून गुळगुळीत झालाय. पुरवणीत कुठेही वरण नाही, दवाखाना नाही.

सकाळी अकराला शाळेत केक. दवाखान्यातून घरी सोडलेल्या सहा मुलींना मुद्दाम गाडी पाठवून आणलं होतं. हातात एकेक गुच्छ. एकीच्या हाताला अजून सलाईनची पट्टी, ती काढायला लावली. फोटोत चांगलं दिसत नाही. पट्टी कोणी काढली? मी काढली. हळूच, दुखू नये म्हणून. फार प्रेमळ आहे ना मी!

सात वर्षांची ती पोर. रजतने चारदा बोलायला लावलेली तीच. तिने केक खाल्ला नाही. हातात धरून उभी राहिली. साहेब म्हणाले खा बेटा, तर तिने माझ्याकडे पाहून विचारलं, “सुखीआजीनं चाखला का?”

कोणीतरी हसलं. टाळ्या झाल्या, फोटो झाले.

 

३१ ऑगस्ट, रविवार

यवतमाळला गेले, पायलला भेटायला. कोणाला न सांगता, एसटीने. काल मशीन काढलंय. एवढीशी दिसते खाटेवर. आवाज घोगरा झालाय नळीमुळे. नर्स म्हणाली, बारा दिवसांत घरचं कोणी आलं नाही, तुम्ही कोण? मी म्हणाले, शाळेतली. शाळेतली!

पायलने विचारलं, “आजी कुठं हाये? थे बी बिमार पडली का?”

बरी आहे म्हणाले. येईल म्हणाले. म्हणजे पुन्हा ‘प्रकृती स्थिर’. माझ्या तोंडून दुसरं काही निघतच नाही का आता? तिने डोळे मिटले, आणि मग मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली की आजी रोज केस विंचरून द्यायची. मी पर्समधला कंगवा काढला. तिने मान फिरवली. आजीच पाहिजे.

परत आल्यावर संघदीपला सगळं सांगितलं. पहिल्यापासून. साहेबांनी त्याच्या फाइलीचं काढलं होतं तेही. तो वाळलेले कपडे घड्या घालत होता. थांबला नाही. सगळं ऐकून झाल्यावर बोलला, “मले इचारू नोको, सत्या. इचारशीन तं मी नाहीच म्हनन. माह्यानं हो म्हनवनार नाही.”

मग माझ्या ओढणीची घडी घालून माझ्या हातात दिली आणि गॅसवर चहा ठेवायला गेला.

विचारलं नाही मी.

१ सप्टेंबर, सोमवार

चौकशी अधिकारी आल्या. बाहेरच्या जिल्ह्यातल्या आहेत. वयाने माझ्याएवढ्याच, साध्या, जास्त बोलत नाहीत. साहेबांनी गुच्छ पुढे केला तर त्यांनी टेबलावर ठेवायला सांगितला आणि पुन्हा पाहिलं नाही.

मला दहा मिनिटं बोलावलं. हेडसर शेजारच्या खुर्चीवर. मॅडमनी विचारलं, घटनेच्या दिवशी स्वयंपाकघरात सगळ्यात आधी बाहेरचं माणूस कोण गेलं? मी. काय पाहिलं? मी म्हणाले, प्रेस नोटमध्ये सगळं आहे. डबा होता का? हेडसर पाणी प्यायले. मी म्हणाले, गडबडीत नीट आठवत नाही.

नीट आठवत नाही! फळीवर बरणी किती उंच होती तेही आठवतंय मला.

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, “त्या दिवशीचं काही लिहून ठेवलंय का तुम्ही? तुम्ही पेपरवाल्या होतात ना. घटनेच्या दिवशी लिहिलेला एक साधा कागदही चालेल. बाकी सगळे कागद मला नंतरचे वाटतात.”

नाही म्हणाले.

त्या उद्या संध्याकाळपर्यंत विश्रामगृहावर आहेत. निघताना त्यांनीच सांगितलं ते. पुन्हा एकदा, माझ्याकडे पाहून.

२ सप्टेंबर, मंगळवार

मॅडम,

काल मी तुमच्याशी खोटं बोलले. या वहीत दुसऱ्या कोणी वाचावं म्हणून एक ओळही लिहिलेली नाही, त्यामुळे जे आहे ते तसंच आहे. १९ तारखेपासून वाचा. माझ्याबद्दलचं गाळू नका. नळी कुंपणाच्या कपाशीकडच्या बाजूला वीतभर खोल आहे, उकरली की दिसेल. उकंडाने आधीच सावध केलं होतं, ते लक्षात ठेवा.

वाचून झालं की आधी सुखीबाईला सोडवा. तिला यवतमाळला पोचवायला गाडी द्या. मग मला बोलवा. मी घरीच आहे.

सत्यशीला